दादाची बहीण कोण लागते

आमच्या घरात दादा म्हणजे वडील. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या वाडीत ते नुसते अंगणात खाकरले तरी सावित्री नदीच्या पलीकडे बसलेली म्हैस उठून उभी राहायची. त्यामुळे मी बिरवाडीत चार खोल्या बांधल्या आणि तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्याच भाडेकरूनं मागून ‘ओ दादा’ अशी हाक मारली, तेव्हा मी आधी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मग वडील कुठून आले म्हणून मागे बघितलं. त्यांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

भाडेकरू बंगालचा. त्याच्या भाषेत दादा म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडेही बहुतेक घरांत तेच, आमचंच घर जगावेगळं. ठीक आहे म्हटलं, फुकटात धाकटा भाऊ मिळाला. मग एक दिवस एक ट्रकवाला आला आणि आळीच्या तोंडाशी उभा राहून विचारू लागला, ‘इधर का दादा कौन है?’ पोरांनी माझ्या दाराकडे बोट दाखवलं. तो आत आला, माझे पाय धरले आणि म्हणाला, गाडी रात्रभर इथे लावतो, काचा फोडू नका. मी आयुष्यात काच सोडा, अंडंसुद्धा नीट फोडलेलं नाही. पण मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘लगाव.’ त्यानंतर तीन महिने बिरवाडीतले ट्रक माझ्या घरावरून जाताना हॉर्न वाजवत नव्हते. ज्याला खोटं वाटेल त्यानं ट्रकवाल्यांना विचारावं.

इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं. मग बंगाल्यानं लग्न केलं. मुलगी त्याच कारखान्यात पॅकिंगला, उत्तर प्रदेशातली. तिच्या भाषेत दादा म्हणजे बापाचा बाप. ती खोलीत आली, डोक्यावर पदर घेऊन मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘दादाजी, आशीर्वाद दीजिए.’ म्हणजे एकाच खोलीत, एकाच चटईवर बसलेल्या नवराबायकोपैकी नवऱ्याचा मी थोरला भाऊ आणि बायकोचा आजोबा. ती चहात जास्तीची साखर घालायची, तो माझ्याशी क्रिकेटवरून भांडायचा. दोन्हीकडून फायदा होता, म्हणून मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. हीच चूक झाली.

त्यांना मुलगी झाली. शेजारच्या खोलीतल्या अंगणवाडीच्या बाईंनी ठरवलं की बारसं आपल्या पद्धतीनं करायचं, पाळण्यासकट, घुगऱ्यांसकट. दोघांनाही माहेर-सासर लांब, येणारं कुणी नाही. ‘आत्या लागेल,’ बाई म्हणाल्या. बंगाली लगेच म्हणाला, ‘दादा का बहन है ना. मेरा दिदी.’

मी बहिणीला फोन केला. ती वाडीतच राहते, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. मी लग्न केलं नाही आणि आम्हाला तिसरं भावंड नाही, म्हणजे तिला आत्या करणारं जगात कुणीच नव्हतं. फोनवर तिनं आधी बारशाचा दिवस विचारून घेतला. मग म्हणाली, ‘कुंची शिवायला हवी. कापड हाय माझ्याकडं.’

बारशाला ती नऊवारी नेसून, कुंची आणि झबलं घेऊन पहिल्या एसटीनं उतरली. नाव ठरवून आली होती. कोणतं ते मला सांगेना. ‘आधी पोरीच्या कानात, मंग तुझ्या,’ म्हणाली.

खोलीत बाया दाटीवाटीनं बसल्या. पाळणा फुलांनी सजवलेला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. बहीण पाळण्याजवळ सरकली तशी अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही बाळाच्या कोण?’

‘पिशी,’ बंगाली म्हणाला. म्हणजे त्यांच्याकडची आत्या.

‘नहीं नहीं,’ त्याची बायको म्हणाली, ‘दादाजी की बहन हैं. मेरी तो दादी हुईं.’

बाई थांबल्या. त्यांच्या कपाळावर मला आठ्या मोजता आल्या असत्या. ‘आईची आजी म्हणजे बाळाची पणजी. पणजीनं नाव ठेवलेलं मी कधी ऐकलं नाही.’

‘ऐकलं नाय तर आता ऐका,’ मागून एक म्हातारी म्हणाली. दुसरी म्हणाली, ‘असं कसं, रीत हाय.’ तिसरीनं विचारलं, ‘मग हा पणजोबा, नि ह्याचं लग्नच नाय?’ सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. बंगाली बोटांवर नाती मोजत होता आणि मधेच बंगालीत गेला. बायकोनं त्याला हिंदीत आणलं. मग बाई माझ्याकडे वळल्या. ‘तुम्हीच सांगा. तुम्ही ह्यांचे भाऊ का आजोबा?’

मी एसटीत कंडक्टर होतो. महाड ते पोलादपूर एवढ्या प्रवासात मी अख्ख्या गाडीला रडवून पुन्हा हसवलेलं आहे. पण इथे दोन्हीकडून तोटा होता. भाऊ म्हणावं तर पोरीचे वाकून केलेले सगळे नमस्कार खोटे पडतात. आजोबा म्हणावं तर माझी बहीण पाळण्यापासून उठते. मी म्हटलं, ‘म्हणजे कसं आहे की...’ आणि ते तिथेच राहिलं.

बहीण उठली नाही. ती कुणाकडेही न बघता बोलली. ‘चाळीस बारशी केली मी. दुसऱ्यांच्या पाठीत बुक्के घातले. माझ्या पाठीत कुनी घातला नाय. ह्यानं लगीन केलं नाय.’

लग्न का केलं नाही याची माझ्याकडे सतरा कारणं आहेत. एकात वाघ आहे, एकात फौजदाराची मुलगी. नाते गावापासून आंबेनळी घाटापर्यंत लोकांनी ती पैजेनं ऐकली आहेत. त्या घडीला एकही आठवेना.

ती पाळण्यावर वाकली. पदर आडवा धरला, पोरीच्या कानाला तोंड लावलं आणि ‘कुर्रर्र’ केलं. मग काहीतरी पुटपुटली आणि तशीच वाकून राहिली. पाठ पुढे करून. रिवाजाप्रमाणे आता बुक्के पडायला हवेत. आत्या असेल तरच पडतात. बाया एकमेकींकडे बघत होत्या. कुणाचाही हात उठेना. पंखा गरगरत होता आणि माझी बहीण वाकलेली.

बाळाची आई उठली. ओली बाळंतीण, अजून कंबर धरून चालत होती. आपल्याकडच्या भावजया आपल्या नणंदेच्या पाठीत ज्या आनंदानं बुक्का घालतात तो तिनं बिरवाडीत बाकीच्यांच्या बारशांत बघितला असणार. तिनं पदर खोचला आणि असा एक ठेवून दिला की पाळण्याची साखळी वाजली. मग बाकीच्या तुटून पडल्या. अंगणवाडीच्या बाई सगळ्यात जोरात.

बंगाली घाबरून मधे घुसला. ‘अरे, दिदी को मारता क्यों है,’ म्हणून त्यानं बायकांचे हात धरले आणि दोन बुक्के स्वतःच खाल्ले.

‘सोड रे त्यांना,’ बहीण आतून म्हणाली. ‘घालू दे.’

नाव मी इथे सांगत नाही, ते मुलीचं आहे. पण बहीण वर आली तेव्हा तिचा अंबाडा सुटलेला होता आणि ती पाठ चोळत बाळाच्या आईला शिकवत होती, ‘मला वन्सं म्हनायचं. नणंदेला आमच्याकडं वन्सं म्हनतात.’

‘वन्सं,’ बाळाची आई म्हणाली. अगदी बरोबर.

मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. ही नणंद, म्हणजे मी थोरला दीर. संध्याकाळी बहिणीला एसटीत बसवून मी परत आलो, ओट्यावर चपला काढल्या. आतून बाळाला थोपटत बाळंतिणीनं डोक्यावर पदर ओढला आणि विचारलं, ‘दादाजी, वन्सं को खिड़की वाली सीट मिली?’

मी बोटांवर हिशेब लावायला घेतला. मग म्हटलं, ‘मिली.’