शिपायांच्या पायाखालची जमीन

आमच्या इंदूकाकू कायम दमलेल्या असायच्या, हे आधीच सांगून टाकते. कारण त्यांचा विषय निघाला की लोक त्यांचे हात, त्यांची कला असलं काहीबाही बोलतात आणि माझं डोकं फिरतं. कला कसली डोंबलाची! पहाटे आडाचं पाणी, मग दळण, मग घरादाराचा स्वयंपाक, मागची आवराआवर, आणि दुपारी कुठं डोळा लागायला लागला की कुणीतरी यायचं, काकू, तेवढं आराशीचं बघता का? काकू उठायच्या आणि बघायच्या. नाही म्हणणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मी सुचित्रा, या घरची सून. आमचं घर नगरात, नालेगावात. माझे सासरे विष्णुपंत भिंगारच्या कँपात स्टोअरवर कारकून होते. इंदूकाकू म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ तापात गेला तेव्हा काकू नुकत्याच विशीत आलेल्या. तेव्हापासून अंगावर आलवण आणि पायाखाली आमचं स्वयंपाकघर. माहेर शेवगावाकडं, तेही पुढं आटलं.

चैत्रगौरीची आरास आमच्या आळीत सगळ्यांकडे काकूंच्या हातची असायची. त्यातही तऱ्हा बघा. देवीला हात लावायचा नाही, देवीपुढचं मात्र सगळं त्यांनी करायचं. परातीत माती घालून गाव वसवायचं, विहीर, बाजार, शेतं, कुंभाराकडची मातीची चित्रं मांडायची, आणि प्रत्येक चित्राच्या पायाशी त्याच्यापुरती जमीन करायची. पाणी भरणारीच्या पायाशी ओली काळी माती, बैलाच्या पायाशी ढेकळं. हे सगळं दुपारपर्यंत. संध्याकाळी समया लागल्या, हळदीकुंकवाच्या बायका आल्या, की काकू आत. विधवेनं त्या बैठकीत दिसायचं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून त्या पन्ह्याचे पेले पुढं द्यायच्या, आणि दारातून बायकांच्या पाठी दिसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काकूंनीच ते मोडून परात घासायची. म्हणजे जन्मभर आरास केली ती या बाईनं, आणि दिव्यांत उजळलेली एकदाही पाहिली नाही.

मग लढाई आली. कँपात एक लष्करी शाळा होती, तिथं एका मोठ्या टेबलावर वाळूचे डोंगर करून गोरे साहेब लढाई मांडायचे. बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई, लाकडाचे इवले रणगाडे, हे इकडून जाणार, ते तिकडून येणार, असं काय काय. शिपाई वाळूत उभे राहीनात म्हणून सुतारानं त्यांना लाकडाच्या चकत्या लावल्या. पण त्या उघड्या चकत्या साहेबाच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. त्याला शिपायाच्या पायाखाली खरी वाटेल अशी जमीन हवी होती. मामंजींच्या तोंडून निघून गेलं की आमच्या घरी हे काम होईल. झालं. शिपायांचं एक पोतं घरात येऊन पडलं.

मामंजी काकूंना म्हणाले, लढाई आफ्रिकेत चाललीय, तिथं नुसती वाळू आणि दगड, झाडाचं नाव नाही. काकू म्हणाल्या, म्हणजे आमच्या शेवगावाकडं असतं तसंच की. आणि लागल्या कामाला.

त्यांचं सगळं घरातल्या घरात असायचं. सीना नदीची वाळू दोनदा चाळायची, जाड वेगळी, बारीक वेगळी. आधी जाड टाकायची, मग बारीक, नाहीतर ती रांगोळी दिसते, असं त्या म्हणायच्या. खडकासाठी विटेचा चुरा आणि बाभळीच्या सालीचे तुकडे. पुढं लढाई ब्रह्मदेशात गेली तेव्हा हिरवं लागायला लागलं. मग सुताराकडचा भुसा रंगात भिजवून वाळवला, चहाचा चोथा सुकवून त्याची काळी माती केली, केरसुणीच्या काड्यांचं वेळूचं बेट केलं. वाळक्या घोसाळ्याची आतली जाळी बोटांनी तोडून तिची झुडपं इतकी हुबेहूब व्हायची की मला वाटायचं आता यातून सरडा निघेल. एवढं करून वर शिपायाचे बूट जरासे मळवायचे. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, एवढा चालून आलाय, पाय स्वच्छ कसे राहतील?

सगळं नीट चाललं होतं, पण हे चिकटवायचं कशानं? साहेबानं सरस धाडला होता. सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी शिजवून केलेला. तो डबा उंबऱ्याबाहेरूनच सासूबाईंच्या नाकाला कळला. या घरात असलं शिजणार नाही, असं म्हणून त्यांनी डबा गोठ्यात ठेवायला लावला. मामंजी साहेबापुढं ताठ उभे राहायचे, पण सासूबाईंपुढं त्यांची मान वर व्हायची नाही. काकू म्हणाल्या, असू दे, मी कणकेची खळ करते. आराशीला त्या तीच वापरायच्या. फक्त आरास असते एका संध्याकाळची, आणि हे शिपाई वर्षानुवर्षं उभे राहायचे होते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मामंजींच्याही नाही.

पावसाळाभर ते शिपाई स्टोअरच्या पेटीत होते. दसऱ्याच्या सुमारास पेटी उघडली तर सगळ्या चकत्या धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ, आणि तळाशी वाळू, भुसा, चोथ्याचा ढीग. उंदरांनी खळ चाटूनपुसून खाल्ली होती. साहेब जे बोलायचं ते बोलला. मामंजी घरी आले ते जोडे न काढताच ओसरीवर बसले, कारण नोकरीचाच प्रश्न होता. त्या दिवशी सासूबाईंचं सोवळं जरा सैल झालं, पण किती? तर काकूंनी गोठ्यात बसून सरस वापरावा, आणि अंगावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. आणि स्वयंपाक करणार कोण? काकूच!

मला ते दिवस आठवले की अजून संताप येतो. थंडीचे दिवस. काकू गोठ्यात सरस गरम करायच्या, त्या घाण वासात बसून शिपायांना जमीन लावायच्या. जेवणाची वेळ झाली की आडाच्या थंडगार पाण्यानं अंघोळ आणि चुलीपुढं. मागचं आवरलं की परत गोठा. संध्याकाळी परत पाणी. बोटांच्या पेरांवर सरसाचे डाग बसले ते निघेनात, तर त्यावरही बोलणी. मी मदतीला गेले तर त्यांनीच मला हाकललं. म्हणाल्या, तू नको, तुलाही न्हावं लागेल.

एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातल्या शिपायांची एक ओळ पाटावर लावली होती आणि नुसत्या बघत बसल्या होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "सुचित्रा, एकदा हे सगळं मांडलेलं बघायचंय गं. काही करायचं नाही, नुसतं बघायचं."

जन्मात त्यांनी मागितलेली ही एक गोष्ट. मी त्या दिवसापासून मामंजींच्या मागे लागले. ते म्हणायचे, कँपात बायकामाणसांचं काय काम? साहेबानं एकदा विचारलं होतं म्हणे, की हे करणाऱ्या माणसाला घेऊन या. मामंजींनी सांगून टाकलं, तो माणूस आजारी असतो.

लढाई संपली, साहेब विलायतेला गेला, आणि ते टेबल मोडायचं ठरलं. मग मी हट्टालाच पेटले. जेवणार नाही म्हटलं. शेवटी एका रविवारी मामंजींनी टांगा आणला आणि आम्हा दोघींना भिंगारला घेऊन गेले. पहारेकरी ओळखीचा होता, त्यानं कुलूप काढलं.

टेबल कसलं, सबंध खोलीच होती ती. डोंगर, निळी नदी, पूल, रस्ते, आणि जिकडं बघावं तिकडं शिपाई. प्रत्येकाच्या पायाखालची जमीन टेबलाच्या जमिनीला मिळालेली, चकती कुठं संपते ते कळायचं नाही. वळून बघते तर काकू दाराशीच. दाराच्या एका फळीआड, स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या तशाच. मी हात धरून आत ओढलं तेव्हा कुठं पुढं आल्या.

पण आल्या आणि पहिलं काय दिसलं? धूळ. महिनोन् महिने कुणी फिरकलं नव्हतं. "अगं बाई, याची माती सुटलीय," म्हणाल्या आणि तो शिपाई उचलला. मग शेजारचा. पदरानं धूळ टिपली, कनवटीतून भुशाची पुडी काढली. घरून निघताना ती बरोबर घेतली होती बाईनं! वाकून वाकून, एकेकाला फुंकर घालून, कललेला सरळ करून त्या टेबलाभोवती फिरत राहिल्या. मी म्हटलं, काकू, परवा हे सगळं मोडणार आहेत हो, आता कशाला? त्यांनी ऐकलंच नाही. पहारेकऱ्यानं किल्ल्या वाजवल्या तेव्हा त्या अजून नदीच्या अलीकडच्याच काठाला होत्या.

परतताना टांगा किल्ल्यापाशी आला. मग काकू एकदम म्हणाल्या, "बघायचं राहिलंच की गं."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्या कमरेवर हात दाबून बसल्या होत्या, कंबर फार दुखत होती.

टेबल मोडलं. भंगारात जाणाऱ्या शिपायांतले थोडे तरी आणा म्हणून मी मामंजींना बजावलं, आणि त्यांनी खरंच एक पेटी आणली. माझा बेत ठरलेला होता. चैत्र आला तेव्हा आमच्या गौरीपुढं काकूंनी तो ब्रह्मदेश उभा केला, घोसाळ्याच्या झुडपांसकट. सासूबाई आळीत बोलावणं करायला गेल्या तेवढ्यात मी समया लावल्या, पाट मांडला, आणि काकूंना स्वयंपाकघरातून घेऊन आले. त्या म्हणाल्या, देवीपुढं मी? कुणी बघेल. मी म्हटलं, कुंकू कुठं लावतेय तुम्हाला, बसा नुसत्या. आणि आज कशाला हात लावायचा नाही. त्यांचे दोन्ही हात मी स्वतः त्यांच्या मांडीवर ठेवले.

त्या बसल्या. समयांचा उजेड शिपायांवर पडला होता, पायाखालची ओली काळी माती चमकत होती. काकूंनी एक लांब श्वास सोडला. मी पन्हं आणायला आत गेले.

पन्ह्याचं पातेलं घेऊन आले तर काकू बसल्या जागी झोपल्या होत्या. मान छातीवर, हात तसेच मांडीवर, मी ठेवलेले. इतक्या वर्षांत दिवेलागणीला त्यांना डोळे मिटलेलं मी पहिल्यांदा बघत होते. हलवून उठवावं म्हणून पुढं झाले, आणि नाही झालं माझ्याच्यानं.

तेवढ्यात अंगणात बायकांचा गलका झाला. सासूबाई पुढं, मागं सगळी आळी. मी पातेलं खाली ठेवलं आणि चौकटीत जाऊन दोन्हीकडं हात लावून उभी राहिले. सासूबाईंनी डोळे वटारले, बाजूला हो म्हणाल्या.

"जरा थांबा," मी म्हटलं. "काकू बघतायत."