पदवीची वानगी

सानगडीत खेमराजशेठला फसवील असा धानाचा दाणा अजून पिकायचा होता. पोत्याचं तोंड सुटलं की शेठ मूठभर धान घेत, एक दाणा दाताखाली फोडत आणि डोळे मिटून सांगत, "अजून दोन दिवस वाळव, मंग आन." वाळलेलं असलं तर तळहातावर चोळत, फुंकर मारत आणि अख्खा तांदूळ किती, तुकडा किती, ते बघून भाव बोलत. ही झाली वानगी. वानगी बघितल्याशिवाय शेठनी जन्मात काही घेतलं नाही. शेतकरी मनातल्या मनात शिव्या देत, पण माल इथंच आणत, कारण शेठचा काटा खोटा नव्हता. शोभाताईंना बघायला गेले तेव्हा या नवरदेवानं पुढ्यातले पोहे चावून ते कोणत्या धानाचे ते सांगितलं म्हणे, आणि त्या नादात मुलीकडे बघायचं राहून गेलं. शोभाताई ही गोष्ट अजून दर पाहुण्याला सांगतात आणि शेठ दर वेळी चहा सांडल्यासारखं करून उठून जातात.

अशा माणसाच्या पोटी रेणू आली. बारावीला चांगले मार्क, डॉक्टरकीच्या परीक्षेत मात्र थोडक्यात हुकली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं बाबांपुढे मोबाइल धरला. पुण्याच्या एका कॉलेजात सार्वजनिक आरोग्याच्या पदवीला तिचा नंबर लागला होता. वीस तारखेपर्यंत पहिल्या वर्षाची फी भरली नाही, तर जागा दुसऱ्याची.

"म्हंजे डॉक्टर होशीन?" शेठनी विचारलं.

"नाई."

"नर्स?"

"नाई बाबा. लोकं कायनं बिमार पडतेत ते धुंडायचं, अन् पडू नये म्हून काय करायचं ते ठरवायचं."

"किती वर्सं?"

"तीन. होस्टेल धरून सहा लाख लागतीन."

"अन् पगार?"

इथं रेणूनं मोबाइल खाली घेतला. "सुरवातीले अठरा-वीस हजार. तेही कंत्राटी."

शेठनी डोळे मिटले. ओला दाणा दाताखाली आला की ते असेच मिटत. त्यांच्या डोक्यात पुतण्या धर्मेंद्र उभा राहिला. त्यानं औषधाचं शिक्षण केलं, साकोलीत मेडिकल टाकलं आणि दोन वर्षांत मोटरसायकल सोडून चारचाकी घेतली. "धर्मेंद्राचं समजते मले," शेठ म्हणाले. "मानूस बिमार पडला का दुकानात येते, पैसे देते. तू म्हनते का तो बिमारच नाई पडला पायजे. मंग जो बिमारच नाई पडला, तो तुले पैसे कायले देईन?"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. मोठ्या मोठ्या सरकारांना तो अजून सुटलेला नाही, सानगडीच्या शेठला कुठून सुटणार! आठ दिवस घरात याच गोष्टीचं दळण. शेठ जेवताना हिशेब करत, झोपताना करत आणि दर वेळी तो तोट्यातच निघे. शेवटी शोभाताई वैतागल्या. "एवढा भाव तं तुमी धानाचा नाई करत," त्या म्हणाल्या. "वानगी बघा अन् काय ते सांगून मोकळे व्हा."

त्या रागानं बोलल्या, पण शेठना ते पटलं. त्यांनी रेणूला बोलावून अगदी गंभीरपणे सांगितलं, "तुह्या शिक्षनाची मले वानगी दाखव. पाच दिवस देतो. माल चांगला निघाला तं फी भरतो. नाई तं साकोलीले जाऊन बी.एस्सी. कर." कॉलेजचं तोंड न बघितलेल्या पोरीनं पदवीची वानगी दाखवायची! पण सानगडीत शेठच्या न्यायाला वरचं कोर्ट नव्हतं.

रेणूनं वही घेतली आणि गावच्या आरोग्यसेविका, 'आशा' शकुबाईंना गाठलं. शकुबाई पंधरा वर्षं गावात दारोदार फिरतात. कोणत्या घरात कोण पोटुशी, कोण खोकतं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी सांगितलं की महिनाभरात हगवणीनं फारच लोक अंथरुणाला लागले, उन्हाळ्याचं आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग दोघी उन्हातान्हात डोक्यावर दुपट्टा घेऊन घरोघर फिरल्या. कोणाचं पोट बिघडलं, कोणत्या दिवशी, त्याच्या आधी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं. लोक हसत. "शेठची पोट्टी आता आमच्या संडासाचा हिशोब ठेवते का?" असं एका म्हाताऱ्यानं विचारलंही. रेणू लाल झाली, पण त्याचंही नाव तिनं वहीत घेतलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही बघता बघता ती थांबली आणि तिनं नावं पुन्हा मोजली. आजारी पडलेल्या सव्वीस जणांपैकी एकवीस जण एकाच ठिकाणचं पाणी प्यायले होते. ते ठिकाण म्हणजे बाबांची पाणपोई.

आता या पाणपोईचं सांगितलंच पाहिजे. खेमराजशेठनी आयुष्यात फुकट दिलेली ही एकच वस्तू. गोदामापुढे निंबाखाली सहा माठ, त्यांना ओल्या बारदान्याचे अंगरखे, वर वडिलांच्या नावाची पाटी. उन्हाळी धानाच्या दिवसांत ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे राहिलेले शेतकरी, बाजाराला आलेले लोक, सगळे तिथं पीत. पाणी गोदामामागच्या विहिरीचं. तसं बर्फासारखं पाणी सबंध तालुक्यात नाही, असं शेठचं म्हणणं, आणि प्यायलेला माणूस ते कबूल करेपर्यंत शेठ त्याला हलू देत नसत.

रेणूनं कोणाला काही सांगितलं नाही. शकुबाईंनी ग्रामपंचायतीतून पाणी तपासायची बाटली आणून दिली, तिच्यात माठातलं पाणी भरून रेणूनं ती देवळीत ठेवली. पाणी वाईट असलं तर ते काळं पडतं. दोन दिवसांनी बाटली तव्याच्या बुडाइतकी काळी झाली. मग तिनं वही आणि बाटली नेऊन बाबांच्या गादीवर ठेवली आणि सगळं सांगितलं.

शेठ आधी भडकलेच. "माह्या बापाच्या नावाचं पानी बदनाम करते? तीस वर्सं लोक पेऊन राहिले, तवा नाई कोनी मेलं."

"तीस वर्सं संडासाचा खड्डा तिथं नोयता, बाबा. मागच्या दिवाळीले खोदला तुमी."

गोदामाच्या हमालांसाठी संडास बांधला तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, खड्डा पार कुंपणाशी घेऊ. पण तिथं ट्रक वळायचा. शेठनी दोरी टाकून, पावलं मोजून पुरता हिशेब केला होता आणि ट्रकची जागा वाचवून खड्डा विहिरीपासून तीन हातांवर घेतला होता. त्या दिवशी त्यांना आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

चष्मा लावून ते वही वाचू लागले. वानगी म्हटल्यावर ती नीट बघायलाच हवी, हा स्वभाव रागातही सुटला नाही. नावांवरून बोट फिरत होतं ते एका ठिकाणी थांबलं. "सीताबाई, गोदाम, नऊ दिवस."

सीताबाई त्यांच्याच गोदामात सांडलेलं धान झाडायची, पाखडायची आणि पोत्यांना सुतळीचे टाके मारायची. मे महिन्यात ती नऊ दिवस आली नव्हती. भर हंगामात बाई घरी बसली म्हणून शेठनी तिचे नऊ दिवस कापले होते, वर चार गोष्टी ऐकवल्याही होत्या. तिनं मान खाली घालून उरलेले पैसे घेतले होते.

"हिनं मले सांगतलं काहून नाई?" शेठनी विचारलं.

"तुमी इचारलं नाई," रेणू म्हणाली. "मी इचारलं तं सांगतलं."

शेठनी वही मिटली. हमालांना हाक मारून सहाही माठ उपडे करायला लावले आणि नऊ दिवसांची मजुरी खिशात घालून ते निघाले. सीताबाईचं घर गोदामापासून शंभर पावलांवर, पण शेठ तिथं कधी गेले नव्हते. दारात शेठ बघून ती घाबरली. उद्यापासून येऊ नको असं सांगायला आले, असंच तिला वाटलं.

शेठनी पैसे पुढे केले.

"कायचे जी?" ती म्हणाली.

काट्यात चूक झाली असं ज्यानं कधी कबूल केलं नाही, कारण कधी झालीच नव्हती, त्या माणसाला हे बोलणं फार जड गेलं. "पानी माह्या विहिरीचं खराब होतं," शेठ म्हणाले. "त्याच्यानंच तू बिमार पडली. अन् मी वरून तुये पैसे कापले."

सीताबाईनं पैसे घेतले नाहीत. "रेणूताईनं धुंडलं का हे?" तिनं विचारलं.

"हो."

"असं धुंडता येते?"

"येते म्हनते."

ती उंबऱ्यावर बसली. "माहे दोन लेकरं हगवनीनं गेले जी," ती म्हणाली. "एक पोरगी, अन् वर्साभरानं पोरगा. मी म्हटलं, माहं नशीब. तवा कोनी आलं नाई इचाराले, का बाई, पानी कुठचं पाजत होती. कोनी इचारलं असतं तं पोरगा तरी रायला असता."

वीस वर्षं ही बाई त्यांच्या गोदामात राबत होती आणि तिला लेकरं झाली होती हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. पैसे तिच्याजवळ उंबऱ्यावर ठेवून ते परत फिरले. रस्त्यात दोघांनी रामराम घातला, तो त्यांना ऐकू आला नाही.

घरी शोभाताई आणि रेणू स्वयंपाकघरात वाट बघत बसल्या होत्या. वीस तारखेला चार दिवस उरले होते आणि कोणी विषय काढायला धजत नव्हतं. शेठ हातपाय धुऊन पाटावर बसले.

"मंग?" शोभाताईंनी अखेर विचारलं. "जमला का हिशोब?"

"नाई जमला," शेठ म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी रेणूपुढे सरकवला. "भर फी."