धावपट्टी संपल्यावर

टीव्हीवर आधी नुसतं पांढरं शेपूट दिसलं. चिखलात तिरकं उभं असलेलं. त्यावरचा निळा पट्टा मी लगेच ओळखला. माझी मोठी बहीण एका खासगी कंपनीच्या छोट्या विमानांवर हवाई सेविका आहे. त्याच पट्ट्यासमोर काढलेला तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. हातातली भेंडी आणि सुरी तशीच धरून मी गप्प बसले. असे पट्टे पुष्कळ विमानांना असतील, असं स्वतःला सांगत राहिले.

बाबांनी ताईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"इंग्रजी चॅनल लाव," ते मला म्हणाले. "आपलेवाले नुसते ओरडायलेत. ते काय म्हणायलेत, ऐकून सांग."

मी ऐकलं. धावपट्टी पावसानं ओली होती. विमान उतरलं, पण थांबलंच नाही. टोकाची भिंत फोडून पलीकडच्या शेतात गेलं. प्रवाशांना बाहेर काढलंय. विमानातल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचा मृत्यू झालाय, नाव जाहीर केलेलं नाही.

कर्मचारी तिघंच असतात. दोन वैमानिक आणि ताई.

"काय म्हणायलेत?"

"प्रवासी सुखरूप आहेत."

"अन् बाकीचे?"

"अजून काही सांगितलं नाही," मी म्हणाले. बाबा टीव्हीकडेच बघत होते म्हणून निभावलं.

आमच्या जिंतुरात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारपाजारचे येऊन भिंतीला टेकून बसले. काकांना शांतता सहन होईना.

"नांदेडला रोज विमानं उतरायलीत की. काय होत न्हाई."

"तुमी गप बसा," काकू म्हणाली. "एसटीत बसलं की उलटी करता, अन् विमानाचं सांगायलात."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात समोरच्या घरातल्या वैनी झाकलेला डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो आईपुढे ठेवला. पिठल्याचा वास आला. आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरात स्वयंपाक होत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. वैनींच्या मनात वाईट नव्हतं. गल्लीत असं काही झालं की सगळ्यात आधी त्याच पीठ मळायला घेतात.

आई डब्याकडे बघत राहिली.

"कोण गेलं हो, वैनी?"

"अगं बाई, तसं न्हाई हो! तुमी उपाशी बसाल म्हणून..."

"डबा वापस न्या. माझ्या घरात गॅस चालू हाय."

ती उठली, माझ्यासमोरची अर्धवट चिरलेली भेंडी उचलून आत गेली. मी मागोमाग गेले. फोडणी तडतडली. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "मघाशी तू सगळं सांगितलं न्हाईस."

मी मिठाचा डबा तिच्याकडे सरकवला.

"नकोच सांगू," ती म्हणाली.

माझा फोन वाजला. अनोळखी नंबर मी कधी उचलत नाही. आता तर बोटच पुढे जाईना. उचलला नाही तर निदान वाईट कळणार नाही, असंही वाटून गेलं. आईनं वळून पाहिलं, तेव्हा उचलला.

"मी बोलतेय," ताई म्हणाली. आवाज इतका सपाट होता की क्षणभर मला खरं वाटेना. "पाय मोडलाय. नर्सच्या फोनवरून बोलतेय. टीव्हीवर कॅप्टनचं नाव आलंय का?"

"नाही."

"मग कोणाला सांगू नकोस. त्यांच्या घरी अजून कळलेलं नाही."

मी फोन आईच्या कानाला लावला. ती नुसती ऐकत राहिली आणि हळूहळू ओट्याला धरून खाली बसली. बाबा धावत आले. ताई वाचल्याचं बाहेर कळलं तशा बायका रडायलाच लागल्या.

त्या गोंधळात आईनं मला जवळ ओढलं. "मग कोण गेलं?"

मी नकारार्थी मान हलवली. बाहेर टीव्हीवर अजून तेच शेपूट दाखवत होते. नाव केव्हाही येणार होतं. कॅप्टनच्या घरीही कोणीतरी हेच बघत बसलं असेल. मी बायकांच्या मधून वाट काढत गेले आणि टीव्ही बंद केला.