दिगंबरकाकांच्या शेजारची सीट

बँकेच्या बदलीवर मी हिंगोलीजवळच्या गोरेगावला आले, तेव्हा दिगंबरकाकांनी मला ‘कोण, कुठल्या’ असं काही विचारलं नाही. सामानाचा टेम्पो दारात थांबला, तसे शेजारच्या ओट्यावरून पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ उतरले आणि त्यांनी थेट टेम्पोच्या बॉनेटवर तळहात टेकवला. आई तापलेल्या लेकराचं कपाळ बघते तसा. “तापली हो ही,” ते ड्रायव्हरला म्हणाले, “आधी हिला दम घेऊ दे. सामान काय पळून चाललं न्हाई.” मग बादली भरून आणली. टेम्पोचं सगळं झाल्यावर माझ्यासाठी चहा सांगितला.

ही त्यांची रीतच होती. पाहुणा कितीही मोठा असो, आधी त्याच्या गाडीची विचारपूस. “माणूस तापला तर चार शिव्या देऊन मोकळा होतो,” ते म्हणायचे. “गाडीनं काय करावं?”

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे तरुणपणी हिंगोलीच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी मोटार. गोल दिव्यांची, तांब्या-पितळेच्या रेडिएटरची. तिच्यावर काकांचा भारी जीव, आणि त्यांची बायको तिच्यात बसत नसे. गयाकाकूंचं माहेर साखरा. लग्नानंतर पहिल्यांदा काका त्यांना या मोटारीतून माहेरी घेऊन निघाले, तर साखऱ्याच्या वेशीजवळच रेडिएटर उकळला. नव्या जावयाची मोटार बैलजोडीनं ओढत गावात आणली. मैत्रिणी पोट धरून हसल्या. “या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार न्हाई,” काकूंनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि शब्द पाळला. माहेरी जायचं तर त्या जीपनं जात. काका रिकामी मोटार घेऊन जीपच्या मागे निघत, अर्ध्या वाटेत पाणी भरायला थांबत आणि जीप पुढे निघून जाई. अख्खं गोरेगाव हसायचं. काकाही हसायचे. पण एकदा मला म्हणाले, “पोरी, बाजूची सीट रिकामी ठेवून चालवायला लई वंगाळ वाटतं. एकदा तिनं बसावं, बस.”

त्यासाठी ते काय करायचे, तर दर थांब्यावर मोटारीला पोटभर पाणी पाजायचे. दोष सापडला तो काकूंना. एकदा आंघोळीचा बंब घासताना त्यांनी आतून खडूसारखी पापडी खरवडली आणि काकांच्या हातावर ठेवली. “बघा. बंबात हे जमलं, तर तुमच्या गाडीच्या पोटात काय असंल? बोअरचं खारं पाणी पाजून राहिले जनमभर!” काकांनी ती पापडी बोटांत चुरून बघितली. मायेनं पाजलेल्या पाण्यानंच मोटार कोंडली होती. त्यांचं तोंड बघून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरून अंगणात आला. बंबाला जी चिंच, तीच त्याला. चिंचेचं कढत पाणी ओतायचं, बोळा लावून मुरू द्यायचं, मग रेडिएटर उलटा करून झटकायचा. आधी विटकरी गाळ आला, मग पांढरा. काकूंची वर्षाची चिंच संपली. जाळीच्या चेपलेल्या पाकळ्या सरळ करण्यात त्यांची लाकडी फणीही गेली. “आता माझे दात तेवढे न्या,” काकू करवादायच्या, पण सकाळी चिंच त्यांनीच भिजत घातलेली असायची.

शेवटी पाणी स्वच्छ यायला लागलं आणि जाळी तीन-चार जागी गळायला लागली. मळानं बुजलेली भोकं मळ गेल्यावर उघडी पडली होती. काका हात-पाय गाळून ओट्यावर बसले, चहासुद्धा घेईनात.

“काहून बसलात?” काकू म्हणाल्या. “कळशी गळाली तर झाळ लावून आणतो का फेकून देतो?”

वारंगा फाट्यावरच्या कारागिरानं भोकं झाळून दिली. पावसाळा होता, काकूंनी पत्र्यावरून पडणारं पाणी रांजणात धरलं. यापुढे मोटारीला तेच.

मग साखऱ्याला काकूंच्या भावाच्या नातवाचं बारसं निघालं. काकू नवं पातळ नेसून बाहेर आल्या. नाक्यावर जीप उभी होती. तिच्याकडे एकवार पाहून त्या घरात गेल्या, पाण्यानं भरलेली कळशी घेऊन आल्या आणि मोटारीत काकांच्या शेजारी बसल्या. “माझा भरोसा न्हाई अजून,” म्हणाल्या. मी मागे बसले होते. वाटभर कळशी मांडीवर हिंदकळत होती, पातळ भिजत होतं. वेस आली, गेली. मोटार थेट भावाच्या दारात थांबली.

काका उतरले आणि बॉनेटवर तळहात टेकवून तसेच उभे राहिले. काकूंनी कळशी त्यांच्यापुढे धरली. “तिला नको हाय. तुमीच प्या. सकाळपासून घोटभर घेतलं न्हाई.” काकांनी ओंजळ धरली. पाणी निम्मं मिशांवरूनच ओघळलं. इतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

काका आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. मी हिंगोलीला असते. मध्यंतरी माझी नवी कोरी गाडी घेऊन काकूंना भेटायला गेले. मी ‘कशा आहात’ म्हणायच्या आत त्या ओट्यावरून काठी टेकत उतरल्या आणि त्यांनी थेट बॉनेटवर तळहात टेकवला.

“तापली गं पोरी,” म्हणाल्या. “आधी हिला दम घेऊ दे.”

नव्या गाडीला कशाचीच गरज नव्हती. मी बादली उचलली आणि रांजणाकडे गेले.