बागेतला राब

आई गेली त्या वर्षी महाडला उद्यानांवरची विभागीय परिषद भरली. आई फाल्गुनात गेली, परिषद वैशाखात. सुट्टीत शिक्षक मोकळेच असतात असा साहेबलोकांचा पक्का समज, त्यामुळे सूत्रसंचालन आणि आभार माझ्या गळ्यात पडले. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत होते. आई गेल्यावर मला रडूच आलं नव्हतं. शिकलेल्या पोरी अशाच, असं बायका कुजबुजल्या. मला त्याचंही काही वाटलं नाही.

बाबांना मी कुडपणहून माझ्याकडे आणलं होतं. डोंगरावरच्या घरात त्यांना एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती, आणि महाडला ते रमत नव्हते. आम्ही नवराबायको बाहेर पडलो की ते गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसत. मग कुणीतरी नगरपालिकेची नवी बाग सुचवली. बाबा तिथे जाऊ लागले. रखवालदार आमच्याच पोलादपूरकडचा, त्याच्याशी त्यांचं जमलं. घरी येऊन चार घास जास्त जेवू लागले. ही बाग आहे तोवर बाबा माझ्याकडे राहतील, एवढंच मी धरून होते.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाहुणे बाग बघायला यायचे होते. त्यांच्या हातून रोपं लावायला एक लांबलचक वाफा खणून भुसभुशीत करून ठेवला होता. शेजारी शेणखत आणि झाडलोटीच्या पाल्याचा ढीग. इकडे सभागृहात एक वक्ते शहरातल्या माणसाची मातीशी नाळ कशी तुटली ते सांगत होते, आणि इतक्या गोड आवाजात, की पुढच्या रांगेतले दोघे डुलक्या घेत होते. मी कडेला बसून आभाराचं भाषण मनात घोळवत होते. तेवढ्यात शिपायाने कानाशी येऊन सांगितलं, बागेत तुमच्या वडिलांनी आग लावली.

मी पोचले तेव्हा आग कुठेच नव्हती. वाफ्यावर काळी राख पसरली होती आणि एका टोकाला थोडा धूर निघत होता. आमच्याकडे पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून वर माती टाकतात आणि जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, जमीन तापते, मग तिथे नाचणी पेरायची. खणलेली जागा, वाळका पाला आणि वैशाखातलं ऊन. बाबांना दुसरं काय सुचणार? रखवालदार चहाला गेला होता, तेवढ्यात त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेऊन सगळा वाफा नीट भाजला होता. नगरपालिकेचे एक साहेब घामाघूम होऊन माळ्यांना हाका मारत होते. ते मला म्हणाले, तासाभरात पाहुणे येतील, वडिलांना पुन्हा इथे पाठवू नका. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

बाबा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. हात कोपरापर्यंत काळे. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

“राब बेस भाजलाय गो,” ते म्हणाले. “आता आयशीला सांग, नाचणीचं बियानं काढून ठेव म्हनावं.”

बियाणं आईच्या ताब्यात असायचं. राखेत घोळवून ती ते मडक्यात भरून ठेवायची, बाबांना हात लावू द्यायची नाही. घर बंद करताना ते मडकं मी शेजारणीला देऊन टाकलं होतं. देताना मला काही वाटलं नव्हतं.

बाबा महाडला राहायला आलेच नव्हते. बागेत बसून ते पावसाची वाट बघत होते, आणि आईची. तेव्हाही मला रडू आलं नाही. “सांगते,” मी म्हटलं आणि त्यांच्याशेजारी राखेतच बसले. परिषदेत आभार कोणी मानले, ते मला अजून माहीत नाही.