पट्टीखालचं बटण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भोकरदनच्या एका मुलीची वसतिगृहातली जागा माझ्या चुकीमुळे गेली, आणि तो दोष मी तिच्या वडिलांच्या माथी मारला.

जालन्यात मी वेबसाइट बनवतो. बियाण्यांची दुकानं, क्लासेस, मंगल कार्यालयं, असली कामं. समाजाच्या एका ट्रस्टचं संभाजीनगरला मुलींचं वसतिगृह आहे, त्याचा प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन करून द्यायचा होता. ट्रस्टच्या शेठजींचा आग्रह एकच. "देणगीदारांचे फोटो सारखे समोर पाहिजेत. माणूस वर जावो का खाली, फोटो हलायला नको." म्हणून स्क्रीनच्या तळाला मी पाच फोटोंची पट्टी कायमची बसवली. ती खालचा मजकूर झाकणार हे मला माहीत होतं, त्या बेतानं फॉर्मच्या शेवटी एका ओळीपुरती जागाही सोडली होती.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी शेठजींचा फोन. आणखी दोन देणगीदार. "आत्ताच टाका, ते घरी मोबाइल धरून बसलेत."

रीत अशी आहे की बदल आधी आपल्याकडच्या प्रतीत करायचा, ब्राउझरमध्ये स्क्रीन लहान फोनएवढी करून बघायची, मगच साइटवर चढवायचं. पाच मिनिटांचं काम. पण शेठजींना थांबा म्हणणं मला कधी जमलंच नाही. मी चालू साइटवरच फोटो घातले. माझ्या मॉनिटरवर सातही चेहरे एका ओळीत बसले. लहान फोनवर त्यांच्या दोन ओळी झाल्या आणि 'अर्ज पाठवा' हे बटण त्याखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोकरदनहून एका किराणा दुकानदाराचा फोन आला.

"भाऊ, समदं बराबर भरलं, पण खाली बटनच दिसून न्हाई राह्यलं."

"रिफ्रेश करा काका."

"तसं केलं का समदं पुसून जातंय. चार बार भरलं."

"मग तुमच्या फोनचा प्रॉब्लेम असेल."

स्क्रीनचा फोटो पाठवा, एवढंही मी म्हणालो नाही.

यादी लागली, त्यात त्यांच्या मुलीचं नाव नव्हतं. ट्रस्टनं माझा पत्ता दिला म्हणून बापलेक दोघं ऑफिसात आले. मुलीला फार्मसीची सीट लागली होती. वसतिगृह असेल तरच वडील पाठवणार होते, भाड्याच्या खोलीत नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पट्टीच्या दोन ओळी मला बघताक्षणीच दिसल्या.

"काका, पूर्ण खाली सरकवायचं राहिलं तुमचं," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

"पप्पा, मी सरकवून पाहिलं होतं," मुलगी म्हणाली. "पुढं जातच नव्हतं."

"गप बस. सर रोज हेच काम करून राह्यले." मग माझ्याकडं बघून ते कसनुसं हसले. "डाळ तोलायला सांगा सर, डोळे झाकून तोलतो. ह्यात डोळे उघडे ठेवून फसलो."

शेठजींना त्याच क्षणी फोन केला असता तर एखादी जागा निघालीही असती. माझा मोबाइल टेबलावर होता. मी तो उचलला नाही. ते जिना उतरून गेले, आणि मी पट्टी पुन्हा एका ओळीत आणली. तेव्हा मी बदलांची नोंद ठेवत नसे, त्यामुळं शेवटच्या तारखेला तिथं काय होतं याचा कुठंच पुरावा उरला नाही.

आता प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. फॉर्म सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त फोनवर स्वतः भरून बघतो. ह्याचा त्या मुलीला काय उपयोग? तिनं भोकरदनलाच बी.ए.ला नाव घातलं.

मागं एकदा कामानं तिकडं गेल्तो. त्यांनी दुकानातून हाक मारली, बसायला स्टूल दिलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे वेबसाइटवाले सर. मला फॉर्म भरता आला न्हाई, यांनी फोनवर लई समजावलं बिचाऱ्यांनी." मुलगी मागं पोत्यांपाशी उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मी स्टुलावर बसलो.

तुम्ही फॉर्म बरोबर भरला होता, बटण मी झाकलं होतं, हे मला त्यांना सांगायचं आहे, आणि ते मुलीच्या समोर. अजून सांगितलेलं नाही.