भाऊजींच्या खिशातला चाकू

भाऊजी गेल्याचा फोन सकाळी शेजारच्यांकडे आला. धुळ्याहून माझा भाचा बोलत होता. "मामा, बाबा गेले..." एवढंच तो म्हणाला. मी घरी आलो, कपडे बदलले, आणि एस.टी. गाठायच्या घाईतही कपाटातला खालचा खण उघडून त्यातली रुमालाची पुरचुंडी खिशात टाकली. दहा वर्षं जे परत दिलं नाही, ते माणूस गेल्यावर द्यायला निघालो होतो. स्वतःची लाज वाटते म्हणायलाही लाज वाटावी, असा तो प्रवास झाला.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, धुळ्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक बोटाएवढा लाल चाकू असायचा. कुणा सहकाऱ्याच्या भावाने आखातातून आणून दिलेला. त्यात पातं, चिमुकली कात्री, पेचकस, चिमटा, बाटलीचं झाकण उघडायची आकडी, सगळं घडी घालून बसवलेलं. घरात शिरल्यावर चहा यायच्या आत त्यांची नजर फिरायची. कुकरचा कान ढिला झालेला, कपाटाची कडी अडकणारी, कुणाच्या पायात काटा... झालं, चाकू बाहेर! काम झालं की पातं धोतराला, नंतरच्या काळात पँटला पुसून ते चाकू मिटायचे. त्या 'टक्' आवाजावर स्वारी खूष असायची.

पण आमच्याकडे जावई म्हणजे पाटावर बसवायचा माणूस. त्याने तांब्यादेखील स्वतः भरून घ्यायचा नाही. आईचा जीव नुसता वरखाली व्हायचा. "जवाईले कामले लाई दिधं म्हनतीन लोके! बठ्ठं गाव हासी आपलाले," ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणायची. जावयाला कामाला लावलं म्हणून सगळं गाव आपल्याला हसेल, ही तिची धास्ती. भाऊजींना सांगितलं तर ते हसायचे. "आई, मी काम कुठे करतोय? बघतोय फक्त."

जळगावला, पिंप्राळ्यात मी घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीची गोष्ट. हॉल माणसांनी भरलेला, आणि भाऊजी स्टुलावर उभे राहून पंख्याच्या बोर्डाचा स्क्रू पिळत होते. नवीन सफारीवर चुना सांडलेला. तेवढ्यात आमचे साहेब आले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "वायरमन बरा दिसतो तुमचा. आमच्याकडेही पाठवा की एकदा."

मी म्हणालो, "पाठवतो, साहेब."

दोनच शब्द. 'हे माझे भाऊजी' म्हणायला तीन लागले असते. भाऊजींचा हात क्षणभर थांबला, असं मला वाटलं. खाली उतरल्यावर मात्र त्यांनीच साहेबांना पेढा दिला. मला राग आला, आणि तो माझा मलाच यायला हवा होता, तर आला त्यांच्यावर. दुपारी ते बनियनवर आडवे झाले असताना खुंटीवरच्या शर्टातून मी चाकू काढून घेतला. त्यांचा मान राखायचा म्हणून, असं तेव्हा स्वतःला पटवलंही.

निघताना त्यांनी खिसे चाचपले. सतरंजी झटकली, बाथरूममध्ये पाहून आले. मीही त्यांच्याबरोबर शोधत होतो! "जाऊ द्या, सामानाबरोबर पिशवीत गेला असेल," ते म्हणाले. तसा चाकू त्यांना पुन्हा मिळाला नाही. त्यानंतर आमच्याकडे आले की ते हात मांडीवर ठेवून पाटावर बसायचे. आता कसे जावयासारखे वागतात, म्हणून आई सुखावली होती. मी मान डोलवायचो.

दहावं-तेरावं झालं तरी पुरचुंडी माझ्या खिशातच होती. चौदाव्या दिवशी अक्का डाळ निवडायला बसली, तर तिच्या चष्म्याची दांडी निखळून परातीत पडली. स्क्रू सापडला, पण एवढासा स्क्रू पिळायला घरात काही नव्हतं. तिने सवयीने भाऊजींच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

मी चाकू काढला. पेचकस उघडून स्क्रू बसवला. अक्काने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या हाताकडे पाहत राहिली.

"हा तर यांचा... कुठे सापडला रे?"

"सापडला नाही, अक्का. वास्तुशांतीच्या दिवशी मीच घेतला होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चाकू माझ्या हातातून घेतला, मिटला, आणि मुठीत धरला.

"जळगावची गाडी असली ना," ती म्हणाली, "की बसायच्या आधी ते सीटखाली हात घालून बघायचे. दर वेळी. माणसं हसायची, मी चिडायची. म्हणायचे, त्या दिवशी पिशवीतून गाडीतच पडला असणार, एखादे दिवशी सापडेल."

मग ती डाळ निवडू लागली. मी संध्याकाळच्या गाडीने निघालो. गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टर दोनदा बसा म्हणाला. मी एरंडोलपर्यंत उभाच राहिलो.